एंझाइमशिवाय ग्लुकोज ओळखणारा पॉलिमर सेन्सर: पहिल्या इलेक्ट्रोडपासून पहिल्या आलेखापर्यंत

पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडला ठरावीक व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणारं यंत्र) चालवता येतो, सायक्लिक व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज वर-खाली फिरवत प्रवाहाचा आलेख काढणं) दोन-चारदा करून झाली आहे आणि आता स्वतःचा ग्लुकोज सेन्सर बनवून बघायचा आहे, अशांसाठी हा लेख आहे. काम थोडक्यात असं: ग्लासी कार्बनच्या इलेक्ट्रोडवर ऑर्थो-फेनिलीनडायअमीनचा पातळ पॉलिमर थर वाढवायचा, तो वाढत असतानाच त्यात ग्लुकोजच्या रेणूंचा ठसा घ्यायचा, मग ग्लुकोज धुऊन काढायचं आणि रिकाम्या झालेल्या जागा पुन्हा ग्लुकोज ओळखतात का ते तपासायचं.

थर वाढवायला साधारण अकरा मिनिटं लागतात. दिसलेला बदल ग्लुकोजमुळेच झाला, हे दाखवायला मात्र कित्येक दिवस जातात. नव्याने येणारे बहुतेक जण सगळी मेहनत थरावर करतात आणि पडताळणी शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. माझा आग्रह उलटा आहे. पडताळणीचे इलेक्ट्रोड, म्हणजे ठसा न घेतलेले जोडीदार, पहिल्याच दिवशी, त्याच द्रावणांतून, त्याच हातांनी बनवा. खाली प्रत्येक पायरीत ते का आणि कसं, हे येत जाईल.

एंझाइम का सोडायचं?

१९६२ मध्ये लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी एंझाइम-इलेक्ट्रोडची कल्पना मांडली, तेव्हापासून ग्लुकोज मोजण्याचं काम मुख्यतः ग्लुकोज ऑक्सिडेज आणि त्याच्या भावंडांवर चालत आलं आहे. त्यांची निवडक्षमता उत्तम आहे, हे आधी मान्य करू. अडचणी दुसरीकडे आहेत. ग्लुकोज ऑक्सिडेज हे प्रथिन असल्यामुळे ४० अंश सेल्सियसच्या वर ते लवकर खराब होऊ लागतं, २ च्या खाली किंवा ८ च्या वर पीएच गेला की निष्क्रिय होतं, आणि उष्णतेने निर्जंतुक करता येत नाही. शिवाय ऑक्सिडेज ऑक्सिजनवर अवलंबून असतं, त्यामुळे ऑक्सिजन कमी-जास्त झाला की आकडाही हलतो.

एंझाइम म्हणजे अचूक, असंही समजू नये. ग्लुकोज डिहायड्रोजनेज-पीक्यूक्यू हे दुसरं एंझाइम वापरणाऱ्या, साखर मोजायच्या काही पट्ट्या माल्टोजलाही ग्लुकोज समजायच्या. पोटाच्या डायलिसिसमध्ये वापरल्या जाणाऱ्या आयकोडेक्स्ट्रिनपासून शरीरात माल्टोज तयार होतं, त्यामुळे अशा रुग्णांची साखर खोटी जास्त दिसायची, आणि त्यावरून जास्त इन्सुलिन दिलं गेल्याने मृत्यूही झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २००९ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. चुकीच्या साखरेला ‘हो’ म्हणणारा सेन्सर काय करू शकतो, ते यातून कळतं. आपण एंझाइम सोडतो तेव्हा ही जबाबदारी आणखी वाढते.

तीन वाटा, आणि आपण कोणती घेणार

पहिली वाट धातूची. पॉलिमरच्या थरात निकेल किंवा तांब्याचे अतिसूक्ष्म कण बसवायचे आणि ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ग्लुकोजचं थेट ऑक्सिडीकरण करायचं. निकेल हायड्रॉक्साइडचं ऑक्सिहायड्रॉक्साइड होतं, ते ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन घेऊन पुन्हा हायड्रॉक्साइड होतं, आणि या फेऱ्याचा प्रवाह आपण मोजतो. प्रवाह मोठा मिळतो, आलेख देखणे येतात. पण रक्ताचा पीएच ७.४ असतो आणि हा फेरा तीव्र अल्कधर्मी द्रावणातच नीट चालतो. शिवाय या परिस्थितीत फ्रुक्टोज, गॅलॅक्टोज, ॲस्कॉर्बिक आम्ल असं बरंच काही ऑक्सिडाइज होतं. नवख्यांचा आणखी एक गोंधळ इथेच होतो: आधार म्हणून पॉलिअॅनिलीन निवडलं जातं. पॉलिअॅनिलीन विद्युतवाहक असतं ते आम्लात. उदासीन द्रावणाकडे जाताच त्याची वाहकता घसरते आणि सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ते जवळजवळ विद्युतरोधक होतं. मग तो थर नुसताच कणांना धरून ठेवायचं काम करतो, वाहकाचं नाही. या वाटेने जायचंच असेल तर पेडॉट हा दुसरा वाहक पॉलिमर बरा.

दुसरी वाट बोरोनिक आम्लाची. १९५९ मध्ये लोरँड आणि एडवर्ड्स यांनी फेनिलबोरोनिक आम्ल वेगवेगळ्या साखरांशी किती घट्ट बांधलं जातं, ते मोजून दाखवलं. शेजारशेजारच्या दोन हायड्रॉक्सिल गटांना धरून बोरॉन वलय तयार करतो आणि हा बंध परतवता येतो. या वाटेने गेलेला सेन्सर प्रत्यक्ष माणसांच्या शरीरात काम करतो आहे. दंडाच्या त्वचेखाली बसवायच्या एव्हरसेन्स या सेन्सरमध्ये बोरोनिक आम्लाचे गट असलेला, ग्लुकोजनुसार कमी-जास्त चमकणारा पॉलिमर आहे. त्याला एफडीएची मान्यता २०१८ मध्ये ९० दिवसांसाठी मिळाली, आणि २०२४ मध्ये वर्षभर टिकणाऱ्या आवृत्तीला. एंझाइमशिवाय भागत नाही, असं कुणी म्हटलं तर हे उदाहरण पुरेसं आहे.

तिसरी वाट ठशाची. १९७२ मध्ये गुंटर वुल्फ आणि ए. सरहान यांनी रेणूभोवती पॉलिमर घडवून, नंतर तो रेणू काढून, त्याच्या आकाराची आणि गटांच्या मांडणीची पोकळी मागे ठेवण्याची पद्धत मांडली. १९९९ मध्ये मालितेस्ता, लोसितो आणि झांबोनिन यांनी ऑर्थो-फेनिलीनडायअमीनचं विद्युत-बहुवारिकीकरण करून, म्हणजे विजेने त्याचा पॉलिमर घडवून, ग्लुकोजचा ठसा घेतला आणि क्वार्ट्‌झ क्रिस्टल मायक्रोबॅलन्स या अतिसूक्ष्म वजनकाट्यावर तो तपासला. प्रयोगशाळेत अशा थराला एमआयपी (मॉलिक्युलरली इम्प्रिंटेड पॉलिमर) म्हणतात आणि ठसा न घेता वाढवलेल्या थराला एनआयपी (नॉन-इम्प्रिंटेड पॉलिमर).

शिकण्यासाठी मी तिसरी वाट सुचवतो. साहित्य मोजकंच लागतं, काम उदासीन पीएचवर होतं, आणि खोटा आणि खरा संकेत वेगळा करायची सवय हीच वाट लावते. ग्लुकोजचा ठसा घेणं अवघडही आहे. ग्लुकोजचा रेणू लहान, विद्युतभाररहित आणि हायड्रॉक्सिल गटांनी भरलेला आहे. पाण्यात तो पाण्यासारखाच दिसतो. पाच मिलिमोलार द्रावणात ग्लुकोजच्या एका रेणूमागे पाण्याचे सुमारे ११,००० रेणू असतात आणि त्यातला प्रत्येक जण पोकळीतल्या अमीन गटांशी हायड्रोजन बंध करायला तयार असतो. म्हणून अपेक्षा माफक ठेवा आणि तपासणी कडक.

द्रावणं: इथे घाई नको

*ग्लुकोजचा साठा.* १०० मिलिमोलारचे १०० मिलिलीटर बनवायला निर्जल ग्लुकोज १.८० ग्रॅम लागतं. बाटलीवरचं लेबल नीट वाचा. मोनोहायड्रेट असेल तर रेणूभार १८०.१६ नसून १९८.१७ असतो आणि १.९८ ग्रॅम घ्यावे लागतात. हा फरक लक्षात आला नाही तर सगळे आकडे दहा टक्क्यांनी चुकतात आणि चूक कुठेच दिसत नाही.

साठा बनवून लगेच वापरू नका. घन ग्लुकोज सहसा अल्फा रूपात असतं. पाण्यात ते हळूहळू बीटा रूपात बदलत जातं आणि समतोलाला अल्फा ३६ टक्के, बीटा ६४ टक्के राहतं. पोकळी आकारावर चालणार असेल तर कोणत्या रूपाचा ठसा घेतला आणि कोणतं रूप मोजलं, याला अर्थ आहे. द्रावण रात्रभर ठेवा, म्हणजे दोन्ही वेळा मिश्रण एकच राहील. ते फ्रिजमध्ये ठेवा आणि दर आठवड्याला नवं करा, कारण साखरेच्या पाण्यात जंतू वाढतात. साठा सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तर कधीच करू नका. अल्कधर्मी द्रावणात ग्लुकोजचं हळूहळू फ्रुक्टोज आणि मॅनोज होत जातं.

*बहुवारिकीकरणाचं द्रावण.* ०.१ मोलार ॲसिटेट बफर, पीएच ५.२. त्यासाठी ०.१ मोलार सोडियम ॲसिटेटचे ७३ मिलिलीटर आणि ०.१ मोलार ॲसिटिक आम्लाचे २७ मिलिलीटर एकत्र करा, पीएच मीटरवर तपासून थोडं जुळवून घ्या. या बफरच्या २० मिलिलीटरमध्ये ऑर्थो-फेनिलीनडायअमीन १०.८ मिलिग्रॅम घाला, म्हणजे ५ मिलिमोलार होईल. एमआयपीसाठी याच द्रावणात २० मिलिमोलार ग्लुकोज हवं. एनआयपीसाठी बाकी सगळं तसंच, फक्त ग्लुकोज नाही. ग्लुकोजचं हे प्रमाण सुरुवातीपुरतं आहे. पुढे ५ ते ५० मिलिमोलारमध्ये बदलून बघण्यासारखं आहे, पण पहिल्या फेरीत नको.

ऑर्थो-फेनिलीनडायअमीन विषारी आहे, त्वचेतून आत जातं आणि कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. नायट्राइल हातमोजे घाला, फ्यूम हूडमध्ये वजन करा. स्फटिकांचा रंगही बघा. शुद्ध पदार्थ फिकट असतो, हवेने आणि उजेडाने तो तपकिरी होत जातो. तपकिरी झालेल्या पदार्थात आधीच ऑक्सिडाइज झालेली उत्पादनं असतात, त्याचा थर वेगळा वाढतो. द्रावण ऐनवेळी बनवा, दहा मिनिटं नायट्रोजन सोडा आणि उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

*शोधक द्रावण.* आपला थर विद्युतरोधक आणि ग्लुकोज इथे स्वतः प्रवाह देत नाही. त्यामुळे ग्लुकोज आलं की नाही हे दुसऱ्याकडून विचारावं लागतं. ०.१ मोलार पोटॅशियम क्लोराइडमध्ये पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फेरोसायनाइड प्रत्येकी ५ मिलिमोलार घ्या. हे आयन थरातल्या पोकळ्यांतून इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचतात. पोकळी भरली की वाट अडते आणि प्रवाह घटतो. द्रावण गडद रंगाच्या बाटलीत ठेवा. या द्रावणात किंवा त्याच्या टाकाऊ बाटलीत तीव्र आम्ल कधीही जाऊ देऊ नका, त्यातून हायड्रोजन सायनाइड वायू सुटू शकतो.

*धारणेचं द्रावण.* थराला ग्लुकोज देण्यासाठी पीएच ७.४ चं फॉस्फेट बफर सलाइन. ग्लुकोजच्या सगळ्या संहती यातच बनवायच्या: ०.१, ०.५, १, २, ५, १० आणि २० मिलिमोलार. उपाशीपोटी निरोगी माणसाच्या रक्तात ३.९ ते ५.६ मिलिमोलार ग्लुकोज असतं, म्हणजे डेसिलीटरला ७० ते १०० मिलिग्रॅम. मिलिमोलारला १८ ने गुणलं की डेसिलीटरचे मिलिग्रॅम मिळतात.

इलेक्ट्रोड घासणं

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण त्यावरच पुढचं सगळं उभं आहे. तीन मिलिमीटर व्यासाचा ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड ॲल्युमिनाच्या १, मग ०.३, मग ०.०५ मायक्रोमीटरच्या पुडीने ओल्या कापडावर इंग्रजी आठाच्या आकारात घासा. प्रत्येक पुडीनंतर पाण्याने धुवा, शेवटी पाण्यात आणि इथेनॉलमध्ये दोन-दोन मिनिटं अल्ट्रासोनिक टाकीत ठेवा. कापड प्रत्येक पुडीसाठी वेगळं असावं. एकच कापड सगळीकडे वापरलं तर बारीक पुडीने घासण्याला अर्थ राहत नाही.

मग शोधक द्रावणात सेकंदाला ५० मिलिव्होल्ट वेगाने सायक्लिक व्होल्टॅमोग्राम घ्या. संदर्भ इलेक्ट्रोड सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा, सहायक इलेक्ट्रोड प्लॅटिनमच्या तारेचा. एका इलेक्ट्रॉनच्या परतवता येणाऱ्या अभिक्रियेत दोन शिखरांमधलं अंतर २५ अंशांना ५९ मिलिव्होल्टच्या आसपास असायला हवं. प्रत्यक्षात ८० पर्यंत आलं तरी पुढे जा. १०० च्या वर असेल तर परत घासा. हा आकडा प्रत्येक इलेक्ट्रोडच्या नावासमोर वहीत लिहून ठेवा. पुढे एखादा सेन्सर विचित्र वागला तर सगळ्यात आधी हीच नोंद बघावी लागते.

छापील पट्टी-इलेक्ट्रोड वापरत असाल तर घासू नका. ते एकदाच वापरायचे असतात. मात्र पट्टी-पट्टीत फरक असतो, म्हणून तिथे प्रत्येक पट्टीचा कोरा व्होल्टॅमोग्राम घेणं जास्तच गरजेचं आहे.

थर वाढवणं

इलेक्ट्रोड बहुवारिकीकरणाच्या द्रावणात बुडवा, ० ते ०.८ व्होल्टमध्ये, सेकंदाला ५० मिलिव्होल्ट वेगाने, २० फेऱ्या. एक फेरी ३२ सेकंदांची, म्हणजे एकूण ६४० सेकंद.

पडद्यावर बघत राहा. पहिल्या फेरीत ऑक्सिडीकरणाचं मोठं शिखर दिसेल आणि परतीच्या बाजूला त्याची जोडी दिसणार नाही. पुढच्या प्रत्येक फेरीत ते शिखर घटत जाईल. विद्युतरोधक थर इलेक्ट्रोडला झाकत जातो आणि नव्या मोनोमरला जागा उरत नाही, त्यामुळे थर आपोआप पातळ राहतो. हीच या पॉलिमरची खुबी आहे, कारण जाड थरात खोलवर अडकलेलं ग्लुकोज बाहेर निघत नाही. फेऱ्यांगणिक प्रवाह वाढत जात असेल तर थांबा. तुमचं द्रावण बहुधा फार आम्लधर्मी झालं आहे. तीव्र आम्लात हाच मोनोमर वाहक पॉलिमर देतो, आणि तो आपल्याला नको आहे.

एका बैठकीत किमान तीन एमआयपी आणि तीन एनआयपी बनवा, आलटून पालटून. सगळे एमआयपी सकाळी आणि सगळे एनआयपी दुपारी बनवले, तर दिसणारा फरक ठशाचा की शिळ्या होत गेलेल्या मोनोमरचा, हे सांगता येत नाही. प्रत्येकासाठी एकूण किती विद्युतभार वाहिला, तेही नोंदवा. दोन्ही गटांत हा आकडा फार वेगळा असेल तर थरांची जाडीच वेगळी आहे, आणि मग एनआयपीशी केलेली तुलना फसवी ठरते.

साचा, म्हणजे ग्लुकोज, धुऊन काढणं

थर असलेला इलेक्ट्रोड पाणी आणि इथेनॉलच्या समप्रमाण मिश्रणात, हलक्या ढवळणीवर, वीस मिनिटं ठेवा. बाहेर काढा, पाण्याने धुवा, शोधक द्रावणात मोजा. पुन्हा वीस मिनिटं. दोन सलग मोजण्यांत प्रवाह बदलेनासा झाला की धुणं पुरं झालं.

मोजण्यासाठी इथून पुढे डिफरन्शियल पल्स व्होल्टॅमेट्री (पायरी-पायरीने वाढणाऱ्या व्होल्टेजवर छोटे स्पंद देऊन प्रवाहातला फरक मोजणं) वापरा: −०.१ ते ०.५ व्होल्ट, पाऊल ५ मिलिव्होल्ट, स्पंद ५० मिलिव्होल्ट. शिखर ठळक मिळतं आणि पार्श्वभूमीचा त्रास कमी होतो.

धुतल्यावर एमआयपीचा प्रवाह काही अंशी परत यायला हवा, पण उघड्या इलेक्ट्रोडइतका नाही. तो तितका परत आला तर थरच सोलून निघाला आहे. एनआयपीही अगदी तसाच धुवा, तितकाच वेळ. त्यात काढायला काही नाही म्हणून ही पायरी गाळली जाते, आणि तुलना तिथेच मोडते. धुण्याने थर फुगतो, सैल होतो आणि ते दोन्ही थरांत होतं.

कोरी चाचणी: बहुतेक जण गाळतात ती

ग्लुकोजला हात लावण्याआधी हे करा. धुतलेला इलेक्ट्रोड ग्लुकोज नसलेल्या फॉस्फेट बफरमध्ये पंधरा मिनिटं ठेवा, पाच सेकंद पाण्याने धुवा, शोधक द्रावणात मोजा. हेच पाच वेळा करा.

प्रवाह प्रत्येक वेळी थोडा बदलेल. काही वेळा एकाच दिशेने घसरत जाईल. आपला सेन्सर प्रवाह घटण्यावर चालतो, आणि प्रवाह घटवायला ग्लुकोजच लागतं असं नाही. थर आकसला, पृष्ठभागावर मळ बसला, फेरिसायनाइडचे अवशेष राहिले, की प्रवाह घटतोच. कोऱ्या चाचणीत पंधरा मिनिटांना चार टक्के घसरण येत असेल, तर नंतर ग्लुकोज दिल्यावर आलेल्या पाच टक्क्यांच्या घटीला काही अर्थ नाही. घसरण थांबेपर्यंत बफरमध्ये कोऱ्या फेऱ्या देत राहा आणि स्थिर झाल्यावरच पुढे जा.

शोधमर्यादाही, म्हणजे ओळखता येणारी सर्वांत कमी संहती, या पाच आकड्यांवरूनच काढायची असते: कोऱ्या चाचण्यांचं प्रमाण विचलन गुणिले ३.३, भागिले आलेखाचा चढ. अनेकदा हे विचलन एकाच मोजणीतल्या उपकरणाच्या गोंगाटावरून घेतलं जातं. मग मर्यादा शंभरपट चांगली दिसते, पण सेन्सर तसा नसतो.

ग्लुकोज देणं आणि आलेख काढणं

आता प्रत्येक संहतीसाठी पंधरा मिनिटं धारणा, पाच सेकंद धुणं, मोजणी. धुण्याचा वेळ घड्याळ लावून पाळा. बंध कमकुवत आहेत, जास्त वेळ धुतलं तर पकडलेलं ग्लुकोजही निघून जातं. तापमान २५ अंशांवर धरून ठेवा.

संहती चढत्या क्रमाने देऊ नका. चढत्या क्रमात काळाबरोबर होणारी घसरण आणि ग्लुकोजमुळे झालेली घट एकाच दिशेला जातात आणि आलेख फुकटात सरळ येतो. क्रम आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि दोन संहतींच्या मध्ये थर धुऊन प्रवाह मूळ पातळीवर आल्याची खात्री करा.

प्रतिसाद म्हणजे प्रवाहात झालेली घट भागिले सुरुवातीचा प्रवाह. असा सापेक्ष आकडा घेतला की इलेक्ट्रोड-इलेक्ट्रोडमधला फरक बराच निवळतो. आलेखावर बिंदू मांडले की तो बहुधा आधी चढेल आणि मग वाकून सपाट होईल. पोकळ्यांची संख्या ठरावीक आहे, त्या भरत आल्या की प्रतिसाद थांबतो. लँगम्यूरचं समीकरण इथे चपखल बसतं: प्रतिसाद बरोबर कमाल प्रतिसाद गुणिले संहती, भागिले स्थिरांक अधिक संहती. वाकलेल्या बिंदूंमधून ओढूनताणून सरळ रेषा काढायचा मोह टाळा. सपाट भाग कुठे सुरू होतो, ही माहिती मोलाची आहे. तो २ मिलिमोलारलाच येत असेल तर रक्ताचा नमुना पातळ करूनच मोजावा लागेल, हे तिथेच कळतं.

एनआयपीवरही हे सगळं करा. एकाच संहतीला एमआयपीचा प्रतिसाद भागिले एनआयपीचा प्रतिसाद, हा ठशाचा गुणांक. तो १ च्या जवळ असेल तर ठसा उमटलेला नाही, थर नुसता साखर शोषतो आहे. अशा वेळी ग्लुकोजचं प्रमाण, फेऱ्यांची संख्या, धुण्याची पद्धत यांत एका वेळी एकच बदल करा.

तीन वेगवेगळ्या इलेक्ट्रोडवरचे आकडे आणि एकाच इलेक्ट्रोडवर तीनदा घेतलेले आकडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवालात त्या वेगळ्या ठेवा.

ग्लुकोजच ओळखलं का?

गॅलॅक्टोज आणि ग्लुकोज यांच्यात फरक फक्त चौथ्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिलच्या दिशेचा. मॅनोज आणि ग्लुकोजमध्ये दुसऱ्या कार्बनवरचा. सूत्र एकच, वजन एकच. तुमची पोकळी खरोखर आकार ओळखत असेल तर या दोघांना प्रतिसाद कमी यायला हवा. फ्रुक्टोज आणि सुक्रोजही तपासा, सगळे ५ मिलिमोलारला, प्रत्येक तीन एमआयपी आणि तीन एनआयपींवर.

याहून कस लावणारी चाचणी म्हणजे उलटा ठसा. ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज वापरून तीन थर वाढवा आणि त्यांना दोन्ही साखरा द्या. ग्लुकोजच्या ठशाने ग्लुकोज जास्त पकडलं आणि गॅलॅक्टोजच्या ठशाने गॅलॅक्टोज, तर तुमच्या हाती भक्कम पुरावा आहे. दोन्ही थर दोन्ही साखरांना सारखाच प्रतिसाद देत असतील तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहा. मला स्वतःला ही एक चाचणी डझनभर हस्तक्षेपक पदार्थांच्या तक्त्यापेक्षा जास्त पटते.

तरी तो तक्ताही लागेलच. रक्तात ॲस्कॉर्बिक आम्ल साधारण ०.०५ मिलिमोलार असतं, युरिक आम्ल ०.२ ते ०.४. या संहती ग्लुकोजच्या मानाने कमी आहेत, म्हणून एक मिलिमोलार ॲस्कॉर्बिक आम्ल देऊन घाबरून जायचं कारण नाही. खऱ्या प्रमाणात, आणि ५ मिलिमोलार ग्लुकोजच्या सोबत देऊन बघा. एक सावधगिरी: ॲस्कॉर्बिक आम्ल फेरिसायनाइडचं क्षपण करतं. धुणं अपुरं राहिलं तर ते शोधक द्रावणात जातं आणि जो बदल दिसतो त्याचा पोकळ्यांशी संबंध नसतो.

खऱ्या नमुन्याकडे

लगेच रक्तावर जाऊ नका. माणसाचं रक्त हाताळायला नैतिकता समितीची परवानगी आणि जैवसुरक्षेचं प्रशिक्षण लागतं. आधी कृत्रिम नमुना करा: फॉस्फेट बफर सलाइनमध्ये ५ मिलिमोलार ग्लुकोज, वर दिलेल्या प्रमाणात ॲस्कॉर्बिक आणि युरिक आम्ल, आणि लीटरला ४० ग्रॅम बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन. पहिली तीन द्रव्यं असताना सेन्सर नीट चालेल आणि अल्ब्युमिन घातल्याबरोबर कोलमडेल, अशी शक्यता मोठी आहे. प्रथिनं थरावर बसतात, वाट अडवतात, आणि प्रवाह घटणं म्हणजे ग्लुकोज असं मानणाऱ्या सेन्सरला ते भरपूर ग्लुकोज वाटतं. नमुना दहापट पातळ करा, ग्लुकोज नसलेल्या अल्ब्युमिन द्रावणाची कोरी चाचणी घ्या, आणि प्रमाण-भर पद्धतीने म्हणजे त्याच नमुन्यात ज्ञात ग्लुकोज थोडं थोडं घालत मोजा.

तुलनेसाठी स्वतंत्र पद्धत हवी. वैद्यकीय प्रयोगशाळा हेक्सोकायनेज ही एंझाइमवर चालणारी पद्धत वापरतात, तिच्याशी ताडून बघा. बाजारातल्या मीटरसाठी आयएसओ १५१९७ च्या २०१३ च्या आवृत्तीची अट अशी आहे की किमान ९५ टक्के आकडे, डेसिलीटरला १०० मिलिग्रॅमच्या खाली असताना १५ मिलिग्रॅमच्या आत आणि १०० किंवा त्याहून जास्त असताना १५ टक्क्यांच्या आत जुळले पाहिजेत. पहिला सेन्सर तिथे पोहोचणार नाही, पण अंतर किती आहे ते मोजता येतं. आणि हे अगदी निक्षून सांगतो: असा घरचा किंवा प्रयोगशाळेतला सेन्सर वापरून कुणाच्याही औषधाचा, इन्सुलिनचा किंवा जेवणाचा निर्णय घ्यायचा नाही.

ठसा उमटला, पण कमजोर आहे

हे बहुधा होईलच. मग पुढची पायरी म्हणजे तिसरी आणि दुसरी वाट जोडणं. बहुवारिकीकरणाच्या द्रावणात ३-अमिनोफेनिलबोरोनिक आम्ल थोड्या प्रमाणात मिसळा, म्हणजे पोकळीत हायड्रोजन बंधांच्या जोडीला बोरॉनची पकडही येते. पाण्याशी स्पर्धेत ही पकड जास्त टिकते. मात्र साधं फेनिलबोरोनिक आम्ल ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोजला जास्त घट्ट धरतं: पीएच ७.४ ला बंधस्थिरांक ग्लुकोजसाठी ४.६ आणि फ्रुक्टोजसाठी १६०, प्रति मोलार. रक्तात फ्रुक्टोज ग्लुकोजच्या मानाने अगदी थोडं असतं, त्यामुळे तिथे हे निभावतं. फळांच्या रसात किंवा मधात निभावणार नाही. १९९४ मध्ये टोनी जेम्स आणि सेइजी शिंकाई यांच्या गटाने एकाच रेणूवर योग्य अंतरावर दोन बोरोनिक आम्लं बसवून ग्लुकोजला दोन्ही बाजूंनी धरायची युक्ती दाखवली आणि पसंती ग्लुकोजकडे वळवली. बोरॉन वापरायचं ठरवलं तर आणखी एक वैरी लक्षात ठेवा, हायड्रोजन पेरॉक्साइड. ते कार्बन-बोरॉन बंध तोडून बोरोनिक आम्लाचा गट कायमचा निकामी करतं. एव्हरसेन्समध्ये त्यासाठी प्लॅटिनमचा थर दिलेला आहे आणि आसपासची सूज कमी ठेवायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड औषधही.

या नव्या थरासाठीही ग्लुकोजशिवायचा जोडीदार लागेल, आणि बोरॉनशिवायचाही. म्हणजे एका बैठकीत चार प्रकारचे इलेक्ट्रोड: ठसा आणि बोरॉन, नुसता ठसा, नुसतं बोरॉन, दोन्ही नाही. प्रत्येकी तीन. बारा इलेक्ट्रोडना एक दिवस पुरत नाही, म्हणून चार-चारचे तीन गट करा आणि प्रत्येक गटात चारही प्रकारांचा एकेक ठेवा. वापरात नसलेले थर फॉस्फेट बफरमध्ये बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, सुकू देऊ नका, आणि परत काढल्यावर पहिलं मोजमाप कोऱ्या चाचणीचंच घ्या.